ट्यूब अँपला थिअरी लागत नाही? लागते, आणि का ते सांगतो

एक मेसेज बऱ्याच दिवसांपासून फिरतोय, तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. म्हणणं थोडक्यात असं की ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ऑडिओ अँप्लिफायर) बनवायला इलेक्ट्रॉनिक्स शिकायची गरज नाही, ओहम्स लॉ (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स) वगैरे ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी, ट्यूबच्या सर्किटमध्ये पार्ट असतात किती, किट आणा, चित्र बघून सोल्डर करा, बाकी कानाने जुळवा, थिअरीत वर्षं जातात, आणि हाय व्होल्टेजची भीती वाटत असेल तर प्लग काढला की विषय संपला. ज्याने लिहिलंय त्याचं ट्यूबवर प्रेम आहे हे कळतं. पण नवीन माणूस यावर विश्वास ठेवून बसला तर एकतर अडकेल नाहीतर शॉक खाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ओहम्स लॉ. ईसीसी८३ म्हणजे तीच १२एएक्स७ घ्या, छोटा सिग्नल वाढवणारी ट्यूब. ट्यूबमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे करंट वाहतो आणि मधली ग्रिड नावाची जाळी तो कमी-जास्त करते. डेटाशीटमध्ये म्यू (ट्यूब सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकते तो आकडा) १०० दिलाय, पण प्लेटला १०० के म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून स्टेज बांधली की गेन, म्हणजे प्रत्यक्षातली वाढ, येतो पन्नास-साठच. बाकीचा गेला कुठे? ट्यूबचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स ६२.५ के धरला तर तो आणि प्लेटचा १०० के मिळून साधा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारे दोन रेझिस्टर) होतो, १०० गुणिले १०० भागिले १६२.५, उत्तर ६१ च्या आसपास. म्हणजे सगळ्यात पहिल्या धड्यातला डिव्हायडर ट्यूबच्या पोटातच बसलाय. बायसचंही (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणं) तेच. कॅथोडला दीड के आहे आणि त्यावर मीटरने १.३५ व्होल्ट दाखवले तर ०.९ मिलिअँप वाहतोय, मग प्लेटच्या १०० के वर ९० व्होल्ट पडणार, सप्लाय २५० असेल तर प्लेटवर १६० च्या जवळपास दिसायला पाहिजेत, नाही दिसले तर कुठेतरी गडबड आहे. हे सगळं एकट्या ओहम्स लॉवर.

पार्ट कमी असतात हे खरंय. पण कमी असतात म्हणूनच एकेका पार्टवर दोन-तीन कामं असतात. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारा आणि डीसी अडवणारा) पुढे १ मेगचा ग्रिड रेझिस्टर असेल तर ७ हर्ट्झपर्यंत खाली जातो, तोच कपॅसिटर २२० के समोर ३३ हर्ट्झलाच उतरायला लागतो. बेस कमी वाटतोय म्हणून लोक महागडे कपॅसिटर बदलत बसतात आणि शेजारच्या रेझिस्टरकडे कुणी बघतच नाही.

आता प्लग. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर ४०० व्होल्टला चार्ज झाला की त्यात ८ जूल साठतात, प्लग काढल्याने ते कुठेही जात नाहीत. ट्यूब गरम असताना बंद केलं तर ट्यूबच बराचसा चार्ज ओढून घेतात, पण ट्यूब काढून नुसता सप्लाय टेस्ट केला असेल तर तो चार्ज तसाच तुमची वाट बघत राहतो. म्हणून तो चार्ज हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लागतो. २२० के लावला तर टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) २२ सेकंद, त्याच्या पाचपट म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं थांबायचं. त्या रेझिस्टरमध्ये सतत पाऊण वॅट जळत असतो, त्यामुळे पाव वॅटचा चालणार नाही, शिवाय पाव वॅटवाल्याची व्होल्टेज लिमिट साधारण २५० च असते आणि ती रंगांच्या पट्ट्यांवरून कळत नाही. ४०० पेक्षा जास्त व्होल्टेज रेटिंगचा २ वॅटचा लावा. आणि तरीही हात घालायच्या आधी मीटर लावाच, कारण ब्लीडरचा सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो.

कानाने जुळवणे. माझा पहिला अँप ईएल८४ या पॉवर ट्यूबचा सिंगल एंडेड (एकाच आउटपुट ट्यूबवर चालणारा) होता, चित्र बघूनच बांधलेला. आवाज मस्त जाड, भरदार यायचा, मी खूश. एका रात्री लाइट गेल्यासारखा अंधार करून ऐकत बसलो होतो तेव्हा दिसलं की ट्यूबची प्लेट कडेने लाल होतेय. ट्यूब खराब समजून नवीन लावली, तीही लाल. मग पहिल्यांदा मीटर हातात घेतला. १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर साधारण ७ व्होल्ट पाहिजेत, होते ९.६, म्हणजे ७४ मिलिअँप, स्क्रीनचे (ट्यूबमधली आणखी एक जाळी, तीही थोडा करंट घेते) सोडले तरी प्लेटवर १६ वॅट, आणि या ट्यूबची मर्यादा आहे १२. ग्रिडवर शून्य पाहिजे तिथे ४ व्होल्ट. ट्यूब उपसून परत मोजलं, ४ व्होल्ट तसेच, म्हणजे दोष ट्यूबचा नाहीच, आधीच्या स्टेजचा कपलिंग कपॅसिटर डीसी गळत होता (ट्यूब काढल्यावर ते व्होल्टेज गेलं असतं तर ट्यूब गॅसी, म्हणजे आत गॅस उरलेली). तो कपॅसिटर काढून मोजला तर व्हॅल्यू बरोब्बर ०.१ मायक्रोफॅरड, कारण मीटर काही २०० व्होल्ट लावून बघत नाही. ज्या जाड आवाजावर मी खूश होतो तो जळत चाललेल्या ट्यूबचा आवाज होता, कानाला ते कधीच कळलं नसतं.

राहिलं वर्षं जाण्याचं. ओहम्स लॉ, वॅट काढणे, डिव्हायडर, आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर आणि लोड लाइन (ट्यूबच्या आलेखावर काढलेली प्लेट रेझिस्टरची रेघ), सुरुवातीला एवढं पुरतं. ९ व्होल्टची बॅटरी आणि एक जेफेट (ट्यूबसारखा वागणारा एक ट्रान्झिस्टर, त्याचे गेट आणि सोर्स म्हणजे ट्यूबचे ग्रिड आणि कॅथोड) घ्या, गेटला १ मेग ग्राउंडला, सोर्सला रेझिस्टर, बायस अगदी ट्यूबच्या कॅथोडसारखाच तयार होतो आणि चूक झाली तर शॉक बसत नाही. मग ईसीसी८३ चे कर्व्ह (प्लेट व्होल्टेज आणि करंटचे आलेख) प्रिंट करा, आडव्या अक्षावर २५० व्होल्ट, उभ्या अक्षावर अडीच मिलिअँप (२५० भागिले १०० के), दोन्ही बिंदू पट्टीने जोडा, ही १०० के ची लोड लाइन. ग्रिडच्या उणे १ आणि उणे दीड व्होल्टच्या कर्व्हमध्ये त्या रेघेवर कुठे ०.९ मिलिअँप येतोय ते पेन्सिलने खुणावून ठेवा, स्टेज बांधून झाली की प्लेटवर मीटर लावा आणि आकडा त्या खुणेशी ताडून बघा.