गुडघ्याच्या एमआरआयला झेनॉन कशाला?

गिरगावातली माझी आत्या चाळीचे तीन जिने आता दर मजल्यावर पायरीला टेकत चढते. महिनाभर मागे लागून तिला गुडघ्याच्या एमआरआयला तयार केलं, आणि काल सकाळी फोन: "मी नाही येत रे. तो झेनॉन गॅस देतात म्हणे." भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेलं. एमआरआयमध्ये हल्ली झेनॉन नावाचा किरणोत्सर्गी गॅस हुंगवतात, तो जन्मभर फुफ्फुसात साचून राहतो, माणूस टेबलावरच बेशुद्ध पडतो.

अहो, गुडघ्याच्या एमआरआयला हुंगायचा गॅस लागतच नाही. तो फुफ्फुसांसाठी. गुडघ्याने कोणी श्वास घेत नाही.

आता 'किरणोत्सर्गी'. लिहिणाऱ्याने दोन झेनॉन एकत्र कालवलेत. झेनॉन-133 किरणोत्सर्गी आहे, मान्य. अर्धायुष्य सव्वापाच दिवसांचं, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो. फुफ्फुसात हवा कुठवर पोचते ते गॅमा कॅमेऱ्याने बघायला तो वापरतात. पण तो न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ वापरून तपासणाऱ्या शाखेचा. एमआरआयचा झेनॉन-129 स्थिर, किरण टाकतच नाही. हवेतल्या झेनॉनपैकी सुमारे 26 टक्के तोच, म्हणजे आत्या जन्मापासून तो हुंगतेच आहे, अगदी कणभर. लेझर आणि रुबिडियम या धातूची वाफ वापरून त्याच्या अणुकेंद्रांचे चुंबक एका दिशेला वळवतात, मग एरवी एमआरआयमध्ये काळीकुट्ट दिसणारी फुफ्फुसातली पोकळी उजळते. ही करामत फुफ्फुसात काही सेकंदच टिकते, आणि गॅस उच्छ्वासावाटे निघून जातो. जन्मभर कुठला?

अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये 12 वर्षांपुढच्यांसाठी त्याला मान्यता दिली, तीही फुफ्फुसांत हवा नीट खेळते का हे पाहण्यापुरतीच. एक श्वास घ्यायचा, 10-15 सेकंद रोखायचा, झालं.

बेशुद्धीच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. झेनॉनने भूल चढते. पण त्यासाठी साठ-सत्तर टक्के झेनॉन सलग देत राहावा लागतो. एका श्वासाने फार तर जरा गरगरतं. श्वास रोखलेला असताना रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिमीटर असतो.

सगळं ऐकून आत्या म्हणाली, "आणि तो ठकठक आवाज?"

तो मात्र खरा. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. कानात घालायला बोळे देतात, म्हटलं. शनिवारची वेळ पुन्हा घेतली आहे.