पंप कपाटात आणि किल्ली मीटिंगला

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकसभा होते. मुख्याध्यापक बोलतात, वर्गशिक्षक बोलतात, पालक गणवेशावरून वाद घालतात. शिपाई मामा आणि मावशी तेवढा वेळ मागं चहाच्या कपांचे ट्रे घेऊन उभे असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या शाळेत दम्याचं एक तरी मूल आहे, तिथं या दोघांना खुर्ची द्या आणि सगळ्यात आधी त्यांना शिकवा.

कारण वर्गात शिक्षक पस्तीस-पस्तीस मिनिटांनी बदलतात. मावशी दिवसभर तिथंच असतात. कोणाचं पोर पाण्याच्या टाकीजवळ वाकून उभं आहे, कोण जिना चढताना मध्येच थांबतंय, हे त्यांना आधी दिसतं.

माझा लेक सातवीत आहे, दमा लहानपणापासूनचा. आम्ही पलूस भागातले, म्हणजे हंगामात चहूबाजूंनी ऊस. फड पेटवून तोडणी चालली की काजळी थेट मैदानावर. अशाच एका दिवशी पीटीचा तास चालू होता. हा पायरीवर बसलेला बघून सरांना वाटलं, कंटाळा करतोय. व्हरांडा पुसणाऱ्या मावशींना मात्र दिसलं की पोरगं दोन्ही हात गुडघ्यावर टेकून खांदे वर ओढतंय. त्यांनी विचारलं, "डबा खाल्लास का रं?" तर त्याला "खाल्ला मावशी" एवढंसुद्धा एका दमात म्हणता येईना.

पंप, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधाचा इनहेलर, कुठं होता? मुख्याध्यापकांच्या कपाटात. किल्ली त्यांच्या बॅगेत आणि ते पंचायत समितीत मीटिंगला. मावशींनी क्लार्कना बोलावून कुलूप तोडायला लावलं. पुढं त्या कुलपाबद्दल त्यांनाच बोलणी बसली, ते वेगळंच.

तर पहिली गोष्ट, पंप कुलपात ठेवायचा नाही. जरा मोठं पोर असेल तर त्याच्या दप्तरात, लहान असेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या उघड्या जागी. सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, आणि कोणता पंप, किती वेळा, हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. रोज घ्यायचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावरचा वेगळा असतो. आपल्याकडं धाप लागल्यावरचा बहुतेकदा निळा, साल्ब्युटामॉल नावाच्या औषधाचा.

अटॅक आला तर करायचं ते अवघड नाही. मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. भोवतीची गर्दी हटवायची. पंप हलवून स्पेसरमध्ये एक दाब, मग मुलानं चार-सहा श्वास घ्यायचे. असे चार दाब, एकेक करून. चार मिनिटं थांबायचं. उतार नसेल तर पुन्हा चार दाब आणि लगेच 108 ला फोन. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. ओठ निळसर दिसले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असली किंवा बोलताच येत नसलं, तर फोन आधी. आणि छातीतली शिट्टी थांबली पण पोरगं मलूल पडलं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे. हवाच आत जात नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. या सगळ्यात मुलाला सोडून कुणी जायचं नाही, निरोप द्यायला दुसऱ्याला पळवायचं.

"पंपाची सवय लागते" हे वाक्य मी सासरी, माहेरी आणि शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकलंय. सवय वगैरे काही लागत नाही. पंप वेळेवर न मिळाल्यानं मात्र जीव जाऊ शकतो.

अटॅक येऊच नये म्हणून जे करायचं, तेही याच मंडळींच्या हातात. झाडलोट पोरं यायच्या आधी किंवा गेल्यावर, पाणी शिंपडून नाहीतर ओल्या फडक्यानं. गॅदरिंगच्या सतरंज्या पोरांच्या हातून झटकून घ्यायच्या नाहीत. पालापाचोळा शाळेमागं पेटवायचा नाही. खिचडी चुलीवर शिजत असेल तर धूर कुठल्या वर्गात शिरतो ते एकदा बघा. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो. आमच्या व्हॅनवाल्या काकांची रोज सकाळी काचा बंद करून डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती असायची. त्यांना नीट सांगितल्यावर आता पोरं बसायच्या आधीच उदबत्ती लावून, गाडी उघडी ठेवून मोकळे होतात. बाप्पाची काही तक्रार नाही.

(जागतिक दमा दिन मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी असतो, तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी. म्हणजे तोही कार्यक्रम आपोआप टळतो.)

आता रागाची गोष्ट. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की ते पदच संपतं. त्याच्या बदल्यात शाळेला मिळतो ठोक शिपाई भत्ता, ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये. एवढ्या पैशात दिवसभर टिकणारा, पोरं ओळखणारा माणूस कुठून मिळणार? आज एक, सहा महिन्यांनी दुसरा. शिकवायचं तरी कुणाला?

आमच्या मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. यंदाच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. मावशी, क्लार्क आणि पीटीचे सर यांना गावातल्या डॉक्टरांकडून तासाभराचं शिक्षण, तेही मावशी असेपर्यंत. आणि भत्त्यावर जो कोणी येईल, त्याच्या पहिल्या दिवशी पंप कुठं आहे ते दाखवणं. तुमच्या शाळेत पंप कुठं ठेवतात, ते उद्या पोराला विचारा आणि कमेंटमध्ये सांगा.