चित्रं बघतोय की वाचतोय?

"हे वाचन नव्हे," मास्तर म्हणाला, आणि आमची रविवारची सकाळ त्या एका वाक्यावर गेली.

विषय काढला बंड्यानं. त्याचा मुलगा पाचवीत आहे. पुस्तक दिसलं की त्याला तहान लागते, शी लागते, झोप येते. वर्गातल्या मित्राकडून त्यानं 'डायरी ऑफ अ विम्पी किड' या चित्रांनी भरलेल्या इंग्रजी विनोदी मालिकेचा एक भाग आणला आणि आता जेवतानाही पुस्तक ताटाशेजारी उघडं असतं. एक भाग संपला, लगेच दुसरा हवा. बंड्याला इतका आनंद झाला होता की त्यानं कर्वेनगरच्या कट्ट्यावर सगळ्यांचा चहा आपल्याकडून सांगितला.

मास्तर शाळेत मराठी शिकवतो. आम्ही शाळेपासूनचे मित्र असलो तरी त्याला सगळे मास्तरच म्हणतात. त्याचा आक्षेप इथे नीट मांडायला हवा, कारण तो वरवरचा नव्हता. "पानावर चार ओळी, मध्ये चित्र, परत दोन ओळी. मूल वाक्याला भिडतच नाही रे. डोंगर, नदी, म्हातारी, भीती, हे सगळं शब्दांतून मुलानं आपल्या डोक्यात उभं करायचं असतं. तेच तू काढून हातात दिलंस तर त्यानं केलं काय? पानं उलटली."

बंड्याच्या पिशवीत पुस्तक होतं. मी ते घेतलं, मधलंच एक पान उघडलं आणि मास्तरपुढे धरलं. जेफ किनीच्या या मालिकेचं पहिलं पुस्तक २००७ साली आलं. वहीसारखी रेघांची पानं, हातानं लिहिल्यासारखी अक्षरं, मध्ये काड्यांसारख्या हातापायांची माणसं. वरवर पाहिलं तर मास्तरचं खरं वाटतं. पण या पुस्तकातला मुलगा स्वतःबद्दल जे लिहितो आणि शेजारच्या चित्रात जे दिसतं, त्यांचं जमत नाही. लिहिताना तो शहाणा असतो, चूक कायम दुसऱ्याची असते. चित्रात त्याचा अप्पलपोटेपणा उघडा पडतो. नुसता मजकूर वाचला तर हसू येत नाही. नुसतं चित्र पाहिलं तरी येत नाही. दोन्ही वाचून, सांगणारा लबाडी करतोय हे मुलानं स्वतः ताडलं, तरच तो हसतो.

"मास्तर, तुझ्या प्रश्नपत्रिकेत 'लेखकाला काय सुचवायचे आहे' असा प्रश्न असतो ना? मुलं तो गाईडमधून पाठ करतात. इथं दहा वर्षांचं पोर दर पानावर त्याचं उत्तर देतंय. हसलं म्हणजे दिलंच."

माझं या विषयातलं सगळं म्हणणं एवढंच आहे. हे वाचनच आहे. 'खऱ्या' वाचनाआधीची पायरी म्हणून ते चालवून घ्यायचं, असं मला वाटत नाही. मूल पुढे जाडजूड कादंबऱ्या वाचेल की नाही, यावर या पुस्तकांची किंमत ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

मास्तर म्हणाला, "एक पान दाखवलंस."

तेवढ्यात ताई आल्या. ताई आमच्याहून मोठ्या. इमारतीच्या पार्किंगमधल्या एका खोलीत मुलांचं वाचनालय चालवतात आणि रविवारी ते उघडण्याआधी चहाला थांबतात. चित्राची बाजू त्यांनी बाजूला ठेवली आणि मालिकेवर बोट ठेवलं.

"पुस्तक परत येतं तेव्हा खूण कुठे आहे ते मी बघते. न वाचणाऱ्या मुलाची खूण सुरुवातीच्या पानांतच असते. कारण तिथे सगळंच नवं. कोण कुणाचा भाऊ, गाव कुठलं, शाळा कसली, आणि यातलं लक्षात काय ठेवायचं. वाचणाऱ्या मुलाला त्याची सवय असते, न वाचणारं तिथेच दमतं. मालिकेच्या दुसऱ्या भागात हा त्रास नाही. माणसं ओळखीची, घर ओळखीचं, थेट गंमत सुरू. म्हणून ती मुलं तोच नायक पुन्हा पुन्हा मागतात. आईवडील म्हणतात, सारखं तेच काय? अहो, सारखं तेच आहे म्हणून तर तो वाचतोय!"

जाडीबद्दलही त्या बोलल्या. या भागांची पानं दोनशेच्या वर असतात. अक्षर मोठं, चित्रं भरपूर, त्यामुळे पानं भराभर उलटतात आणि जो मुलगा दहा पानांच्या धड्याला घाबरतो तो घरी येऊन सांगतो, मी दोनशे पानांचं पुस्तक संपवलं. वर्गात ज्याला कायम 'वाचनात कच्चा' असं ऐकावं लागतं, त्याच्या तोंडचं हे वाक्य काय मोलाचं असतं, ते ताईंनी इतक्या कळकळीनं सांगितलं की मास्तरही गप्प बसून ऐकत होता.

मग त्यांनी डेव्ह पिल्कीची गोष्ट काढली. 'कॅप्टन अंडरपँट्स' लिहिणारा आणि चितारणारा हा माणूस. लहानपणी त्याला डिस्लेक्सिया होता, शिवाय एका जागी बसवत नसे. शिक्षक त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवत. तिथे बसून तो चित्रकथा काढी, आणि चड्डीवर फिरणारा हा नायक तिथेच जन्मला. पहिलं पुस्तक आलं १९९७ साली. ज्या मुलाला अक्षरं त्रास देत होती त्यानंच ही पुस्तकं रचली, त्यामुळे अडखळणारं पोर पानावर कुठे थांबेल, कुठे त्याला विसावा हवा, हे त्यांत दिसतं.

"चड्डीवरचे विनोद," मास्तर पुटपुटला. हो, आहेत. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेनं काढलेल्या यादीत २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर होते. मला या मुद्द्यात फार वेळ घालवावासा वाटत नाही. दहा वर्षांची मुलं चड्डीवर हसतात. पुण्यातली हसतात, साताऱ्यातली हसतात, आम्हीही हसायचो.

मास्तरचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार होता. भाषा. सोपे शब्द, तुटक वाक्यं, मुलांची भाषा वाढणार कशी? यावर मी डॉ. स्यूस या मुलांसाठी लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाचं उदाहरण दिलं. १९५४ साली जॉन हर्सी या लेखकानं 'लाइफ' मासिकात लिहिलं की अमेरिकेतली मुलं वाचत नाहीत, कारण त्यांची पहिली वाचनाची पुस्तकं कंटाळवाणी आहेत. गुळगुळीत चित्रं आणि शहाणी बाळं. त्यातून डॉ. स्यूसला सांगितलं गेलं की नव्यानं वाचायला लागलेल्या मुलांच्या ठरावीक शब्दांतच गोष्ट लिही. १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' आलं. पुस्तकभर मिळून वेगवेगळे शब्द फक्त २३६.

"म्हणजे दोनशे छत्तीस शब्दांत मुलांची बोळवण?" मास्तर उसळला.

"बोळवण कुठे? सगळं छंदात आहे, यमकात आहे. मोठ्यानं वाचलं तर टाळ्यांचा ठेका धरता येतो. शब्द कमी होते, भाषा कमी नव्हती. तू मुलांना भोंडल्याची गाणी शिकवतोस, त्यांत किती शब्द असतात?"

हे त्याला पटलं. अर्धं. पटलं की तो चष्मा काढून पुसतो. पण चष्मा परत लावून त्यानं जे विचारलं, त्याला उत्तर द्यायला आम्हाला जड गेलं.

"बरं, सगळं मान्य. मग मला सांगा, आत्तापर्यंत तुम्ही घेतलेली सगळी नावं इंग्रजी का? बंड्याचा पोरगा वाचायला लागला, छान. पण वाचायला लागला तो इंग्रजीत. आता त्याच्या डोक्यात पक्कं बसणार की हसायचं असेल तर इंग्रजी आणि मार्क हवे असतील तर मराठी."

बंड्यानं कबूल केलं की असंच आहे. घरात सगळे मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक दिलं की पोरगा जोडाक्षरावर अडतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो, तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते.

ताईंनी मग आपल्या मराठी कपाटाचा हिशेब मांडला. अगदी लहानांसाठी आता चांगलं मिळतं. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात आणि ती पुस्तकं घराघरांतली वाटतात. प्रथम बुक्सची स्वस्त चित्रपुस्तकं आहेत, त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर फुकटही वाचता येतात. वरच्या टोकाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो सायकलवरून सुटला की वाचणारं पोर जागचं हलत नाही, पण तो पानंच्या पानं मजकुराचा आहे. अडखळणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा देता येत नाही. मधल्या आठ ते बाराच्या मुलांसाठी, पानापानांत चित्र विणलेली, ओळीनं दहा भाग निघालेली विनोदी मालिका शोधायला गेलं तर ताईंचा हात कपाटावर फिरत राहतो.

"चिंटू!" बंड्या म्हणाला. बरोबर. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि पुण्यातल्या कित्येक घरांत पेपर आधी मुलांच्या हातात जायला लागला. चिंटूचे संग्रह ताईंकडे शिवण उसवेपर्यंत वाचले जातात. म्हणजे चित्र काढणारे आहेत, लिहिणारे आहेत, वाचणारेही आहेत. मग अडतं कुठे?

इथं अण्णा बोलले. अण्णांचा ऑफसेट छापखाना आहे आणि ते तासभर नुसते ऐकत होते. त्यांनी बंड्याचं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"यात रंग नाही. काळी रेघ आहे. मजकुरासोबत एकाच प्लेटवर येते, छपाईला वेगळा खर्च नाही. खर्च आहे तो चित्रकाराचा आणि पानं लावणाऱ्याचा. समज, दोनशे चित्रांचे चित्रकाराला एक लाख दिले. आपल्याकडे आवृत्ती हजाराची. झाले प्रतीमागे शंभर रुपये, नुसत्या चित्रांचे. कागद, छपाई, बांधणी, दुकानदाराचं कमिशन अजून पुढेच. तेच दहा हजार छापा, चित्राचे प्रतीमागे दहा रुपये. आणि पहिल्याच भागाला दहा हजार कोण घेणार? मालिका लोकांना कळायला तिसरा भाग यावा लागतो. आपला प्रकाशक पहिला भाग हजार छापतो, दीड-दोन वर्षं विकत बसतो आणि हात झटकतो."

इतकं स्वच्छ गणित मी या विषयात ऐकलं नव्हतं. मुलांना मराठी आवडत नाही, मोबाइलनं वाट लावली, पालकच वाचत नाहीत, असली रडगाणी आम्ही नेहमी गातो. अण्णांनी सांगितलं की एका मालिकेचे पहिले तीन भाग तोटा सोसून चालवणारं कुणीतरी हवं. मला वाटतं हे 'कुणीतरी' म्हणजे शाळांची ग्रंथालयं, सोसायट्यांची वाचनालयं आणि वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्लास्टिकचे कंपास वाटणारे आपण सगळे. एका सोसायटीनं तीस प्रती आधीच सांगून ठेवल्या तर अण्णांचं गणित हलतं.

मी भाषांतराचं विचारलं. अण्णांनी मान हलवली. मराठीला वर वेलांटी लागते, खाली उकार लागतो, दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते. इंग्रजीच्या मापानं काढलेल्या संवादाच्या फुग्यात मराठी वाक्य मावत नाही. मग अक्षर बारीक करतात, आणि अडखळणाऱ्या मुलाला नेमकं तेच नको असतं. शिवाय शाळेतले लॉकर आणि हॅलोवीन यांवर पाचवीतल्या पोरानं हसायचं ते अंदाजानंच.

"आपल्याकडे काय कमी आहे?" बंड्या सुटला. व्हॅनवाल्या काकांची एकाच कॅसेटमधली गाणी. डब्यातली भेंडी कुणाच्या गळ्यात मारायची. गॅदरिंगमध्ये झाडाचं काम मिळालेला मुलगा. सोसायटीच्या गणपतीत आरतीचे शब्द येत नसताना नुसते ओठ हलवणं. स्कॉलरशिपच्या क्लासला दांडी मारून पाताळेश्वराच्या आवारात जाऊन बसणं.

आणि मग मास्तर सांगायला लागला. गृहपाठ न करण्याची पोरं देतात ती कारणं, ती सांगताना त्यांचे होणारे चेहरे, मागच्या बाकावरच्या एकानं आजीला एकाच वर्षात दोनदा आजारी पाडलेलं. तो बोलत होता तसंच्या तसं लिहून शेजारी त्या पोराचा चेहरा काढला तर पहिला भाग तयार, असं ताई म्हणाल्या.

"लिहितो," मास्तर म्हणाला. "पण भाषा मी पातळ करणार नाही. 'कावराबावरा' लिहायचं तिथे 'कावराबावरा'च लिहीन."

"लिहा की. शेजारी चित्रात पोरगा कावराबावरा दिसला म्हणजे शब्द विचारायला कुणी येणार नाही. फक्त पहिली वीस पानं झाली की मला द्या. खूण कुठे राहते ते मी सांगते."

अण्णा म्हणाले, पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेव, कागद वाया जाणार नाही. चित्रकार मात्र अजून सापडलेला नाही.