भाचा कॉलेज बुडवतो म्हणून आत्यावर गुन्हा दाखल होत नाही

सोलापुरात सध्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: ‘अठरा वर्षांवरील नातेवाईक तुमच्या घरी राहून कॉलेज बुडवत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखल होतो, जो सांभाळतो तोच त्याचा कायदेशीर पालक, त्याचा खर्चही तुमच्यावर, आणि बारा वर्षे राहिला तर घरात त्याचा वाटा.’ हा संदेश वाचून विडी घरकुलातल्या एका ओळखीच्या बाईंनी, बारावीसाठी बार्शीहून आलेल्या आपल्या एकोणीस वर्षांच्या भाच्याची बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती. बॅगेवर त्याची घडी केलेली सोलापुरी चादर होती. या संदेशातला एकही दावा खरा नसल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल. कलम १० नुसार अशा मुलाला शाळेत घालणे हे आईवडिलांचे किंवा पालकाचे कर्तव्य आहे. मात्र तेथेही पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. इंग्लंडमध्ये शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या पालकांना दंड होतो, पण तो कायदा तिथला आहे आणि तोही सक्तीच्या शालेय वयापुरताच आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला कॉलेजात बसवण्याची सक्ती आपल्याकडे कोणत्याही कायद्याने कोणावरही केलेली नाही.

पालकत्वाचा दावाही टिकत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण होताच माणूस सज्ञान होतो, आणि केवळ वयामुळे असलेले पालकत्व तेथेच संपते. बाईंची खरी भीती मात्र निराळीच होती. प्रवेशाच्या वेळी त्यांनी ‘स्थानिक पालक’ या रकान्यात सही केली होती आणि गैरहजेरीबद्दल कॉलेजचा फोन त्यांनाच आला होता. ती सही संपर्कासाठी असते. तिच्यामुळे फौजदारी जबाबदारी येत नाही. गैरहजेरीची झळ बसते ती विद्यार्थ्यालाच. बारावीसाठी मंडळाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे, आणि ती भरली नाही तर परीक्षेला बसण्यावरच गदा येऊ शकते. तो फोन आला तेव्हा भाच्याशी शांतपणे बोलायला हवे होते. बॅग भरल्याने त्याची हजेरी वाढणार नव्हती.

खर्चाचे म्हणाल तर, पोटगीची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे आणि ती पत्नी, मुले व आईवडील यांच्यापुरती आहे. आत्या किंवा मामा त्यात येत नाहीत.

बारा वर्षांची गोष्ट १९६३ च्या मुदत कायद्यातून उचललेली दिसते. ती बारा वर्षे मोजली जातात ती मालकाचा हक्क उघडपणे नाकारून ठेवलेल्या ताब्याची. आत्याने मायेने राहायला सांगितलेल्या भाच्याचा ताबा परवानगीचा असतो, आणि अशा राहण्यातून, कितीही वर्षे गेली तरी, मालकी निर्माण होत नाही.

खरी जबाबदारी जिथे येते, त्याचा उल्लेख मात्र या संदेशात कुठेच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवाना नसलेल्या माणसाला आपली गाडी चालवू दिल्यास, तो सज्ञान असला तरी, गाडीच्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झाल्यास भरपाईचा बोजाही मालकावर येऊ शकतो. बाईंचा भाचा त्यांच्याच स्कूटरवरून कॉलेजला जात होता आणि त्याच्याकडे लायसन्स नव्हते. बॅग त्याच संध्याकाळी आत गेली, स्कूटरची किल्ली आत्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने लर्निंग लायसन्सचा अर्ज भरला.