पाम ओएस आयफोनने संपवली, हे खरे नाही

कोल्हापुरातील उद्योजकांच्या आणि अभियांत्रिकीच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: हातात मावणाऱ्या संगणकांच्या बाजारावर एके काळी पाम ओएस या ऑपरेटिंग सिस्टीमचे राज्य होते, मोबाइल फोनचे युग येत आहे हे पामला कळले नाही, स्पर्शाने चालणारा पडदा तिने नाकारला, यशाच्या धुंदीत नवी प्रणाली तयार करण्याचा आळस केला, २००७ मध्ये आयफोन आला आणि एका रात्रीत पाम ओएस संपली, अखेर एचपीने ती मातीमोल भावाने विकत घेऊन बंद केली. मजकुराच्या तळाशी ‘बदला, नाहीतर संपाल’ असा इशारा आहे आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदारांसमोर व्याख्याने देणारे वक्ते तो आवर्जून वाचून दाखवतात. इशारा कोणी काय द्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यासाठी जी हकीकत पुरावा म्हणून पुढे केली जाते, तिच्यातील पहिले वाक्य सोडले तर जवळजवळ काहीही तपासाला टिकत नाही.

पहिले वाक्य मात्र निर्विवाद खरे आहे. जेफ हॉकिन्स, डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन यांच्या चमूने मार्च १९९६ मध्ये ‘पायलट’ हा हातसंगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्यात १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोलाचा प्रोसेसर, साध्या प्रकारात अवघी १२८ किलोबाइट मेमरी आणि १६० बाय १६० बिंदूंचा करडा पडदा एवढेच होते, आणि किंमत २९९ डॉलर होती. एवढ्याशा सामग्रीवर दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे ही चार कामे ती प्रणाली इतक्या चटकन करीत असे की बटण दाबल्यावर थांबावे लागत नसे. शिवाजी उद्यमनगरातील माझ्या परिचयाच्या, ओतकामाचे नमुने करणाऱ्या एका पॅटर्नमेकरकडे अमेरिकेतील भाच्याने आणून दिलेला पाम थ्रीएक्स अजून आहे. दोन बारीक पेन्सिल सेल घातले की तो आजही सुरू होतो. पडद्यावरच्या खुणांवर स्टायलस टेकवायला सांगतो आणि नव्याने तारीख विचारतो, कारण सेल उतरले की आतील सर्व नोंदी पुसल्या जातात. खालच्या चौकटीत ग्राफिटी लिपीत लिहायचे: इंग्रजी ‘ए’ काढताना मधली आडवी रेघ गाळायची, ‘टी’ काढताना आडवी रेघ ओढून स्टायलस न उचलता तिथूनच खाली यायचे. देवनागरीची सोय मूळ प्रणालीत नव्हतीच. सेल उतरले की नोंदी जातात, ही बाब पुढे पुन्हा लागणार आहे.

आता ‘एका रात्रीत’ या शब्दांकडे वळू. आयफोनची घोषणा ९ जानेवारी २००७ रोजी झाली आणि त्याची अमेरिकेतील विक्री २९ जून २००७ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या तारखा पाहिल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. २००४ च्या तिसऱ्या तिमाहीत, गार्टनर या बाजार-संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, हातसंगणकांच्या जागतिक विक्रीत मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईने पाम ओएसला प्रथमच मागे टाकले. त्याच वर्षी सोनीने आपली क्लिए ही पाम ओएसवर चालणाऱ्या हातसंगणकांची मालिका जपानबाहेर थांबवली आणि २००५ मध्ये जपानमध्येही बंद केली. पाम ओएसचा परवाना घेणाऱ्यांत सोनीएवढा धाडसी आणि कल्पक उत्पादक दुसरा नव्हता. सप्टेंबर २००५ मध्ये पाम ओएसची मालकी असलेली पामसोर्स ही कंपनी जपानच्या ॲक्सेसने ३२.४ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर झाले, आणि त्याच महिन्यात यंत्रे करणाऱ्या पामचे प्रमुख एड कॉलिगन यांनी बिल गेट्स यांच्यासोबत मंचावर उभे राहून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइलवर चालणाऱ्या ट्रिओ या स्मार्टफोनची घोषणा केली. तो ट्रिओ ७००डब्ल्यू जानेवारी २००६ मध्ये विक्रीला आला. ज्या कंपनीच्या नावावरून प्रणालीला ‘पाम’ हे नाव मिळाले, तिनेच आयफोनच्या घोषणेच्या वर्षभर आधी प्रतिस्पर्ध्याची प्रणाली आपल्या यंत्रात बसवली होती. उलट आयफोन बाजारात आल्यानंतर, २००७ च्या शरद ऋतूत, पामने पाम ओएसवर चालणारा स्वस्त सेंट्रो हा फोन काढला आणि काही महिन्यांतच त्याची विक्री दहा लाखांवर गेली. आपल्याकडे तर आयफोन अधिकृतपणे ऑगस्ट २००८ मध्ये आला, तोही ८ जीबीला ३१,००० रुपये या भावाने; तोपर्यंत कोल्हापुरात ज्या मोजक्या लोकांच्या खिशात पाम होता, त्यांनी तो केव्हाच कपाटात ठेवून नोकिया घेतला होता.

मोबाइल फोनचे युग पामला कळले नाही, हा आरोप त्याहून अन्यायकारक आहे. पाम ओएस आतमध्ये असलेला क्वालकॉमचा पीडीक्यू हा फोन १९९९ चा. क्योसेराचा ६०३५ हा २००१ चा. पामचे संस्थापक १९९८ मध्ये थ्रीकॉम या तत्कालीन मालक कंपनीतून बाहेर पडले, त्यांनी हँडस्प्रिंग स्थापन केली, पाम ओएसचाच परवाना घेतला आणि २००२ मध्ये पहिला ट्रिओ विकायला काढला. २००३ चा ट्रिओ ६०० हाताळलेला कोणीही सांगेल की फोन, पत्ते, ईमेल आणि इंटरनेट एका हातात सामावण्याचा प्रश्न त्या मंडळींनी त्या काळाच्या मानाने फार चांगला सोडवला होता. स्पर्शाच्या पडद्याबद्दलचे विधान तर उत्तर देण्याच्याही योग्यतेचे नाही, कारण पायलटचा पडदा पहिल्या दिवसापासून स्पर्शानेच चालत होता. तो दाबाने चालणारा होता आणि आयफोनचा पडदा बोटाच्या विद्युतभारावर चालणारा, अनेक बोटे एकाच वेळी ओळखणारा होता, हा फरक महत्त्वाचा आहे. पण तो नकाराचा पुरावा होत नाही.

सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आरोप आळसाचा आहे, कारण त्यात अर्धे सत्य दडलेले आहे. पाम ओएसचा पाया १९९६ च्या गरजांवर बेतलेला होता. एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित नव्हती, त्यामुळे एक बिघडला की सगळे यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. नेहमीसारखी फाइल व्यवस्था नव्हती, नोंदी थेट रॅममध्ये राहात आणि सेलसोबत जात. प्रणालीच्या गाभ्याला अनेक कामे एकाच वेळी सांभाळता येत असत, पण ती सोय बाहेरच्या प्रोग्रामना खुली नव्हती. दैनंदिनीसाठी ही मांडणी आदर्श होती. मात्र पार्श्वभूमीवर ईमेल उतरवत राहणे, त्याच वेळी फोन घेणे आणि गाणे चालू ठेवणे हे तिच्या मुळातच नव्हते. ट्रिओमध्ये हे जे काही साधले, ते जोडतोड करून. शिवाय परवानाधारक मूळ प्रणालीच्या पुढे धावू लागले. सोनीने २००१ मध्ये ३२० बाय ३२० बिंदूंचा पडदा आणला तेव्हा पाम ओएसला तेवढ्या सूक्ष्म पडद्याची ओळखच नव्हती, म्हणून सोनीने स्वतःची वेगळी सोय लिहिली आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एकाच प्रणालीसाठी दोन तऱ्हांनी काम करावे लागले.

हे पामला दिसत नव्हते असे नाही. २००१ मध्ये तिने ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या बी इन्कॉर्पोरेटेड या कंपनीचे तंत्रज्ञान आणि अभियंते १.१ कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात घेतले. २००२ मध्ये पाम ओएस ५ आली आणि प्रणाली एआरएम या निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर गेली. जुने हजारो प्रोग्राम चालत राहावेत म्हणून आतमध्ये जुन्या मोटोरोला प्रोसेसरची नक्कल ठेवण्यात आली. ही नक्कल इतकी उत्तम चालली की बहुतेक प्रोग्राम तिच्यावरच राहिले. माझ्या मते तोच तिचा तोटाही ठरला, कारण नव्या पायावर नवे बांधकाम करण्याची कोणालाच निकड वाटली नाही. त्यानंतर ज्या प्रणालीला ‘कोबाल्ट’ नाव दिले गेले ती पाम ओएस ६ तयार झाली. तिच्यात सुरक्षित मेमरी होती, अनेक कामे एकाच वेळी होत होती, चित्र आणि ध्वनीची व्यवस्था नव्याने लिहिलेली होती. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा मजकूर जे झालेच नाही म्हणतो, ते २००४ साली लिहून पूर्ण झालेले होते. आणि तरीही कोबाल्टवर चालणारे एकही यंत्र दुकानात आले नाही.

याचे कारण ऑक्टोबर २००३ मध्ये सापडते. त्या महिन्यात पामची वाटणी झाली: प्रणाली पामसोर्सकडे गेली, आणि यंत्रे करणारा भाग हँडस्प्रिंगला सामावून घेऊन पामवन झाला. वाटणीमागचा तर्क कागदावर पटण्यासारखा होता. स्वतः यंत्रे विकणाऱ्या कंपनीकडून प्रणालीचा परवाना घ्यायला सोनीसारखे उत्पादक बिचकतील, म्हणून प्रणाली स्वतंत्र केलेली बरी. प्रत्यक्षात काय झाले ते कोल्हापुरात समजावून सांगायला वेळ लागू नये. पॅटर्न एकाने करायचा, भट्टी दुसऱ्याची, दोघांचे भागधारक वेगळे आणि नव्या पॅटर्नच्या चाचणीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरलेले नाही, अशी फाउंड्री चालवून पाहावी. पामसोर्सने कोबाल्टचा पहिला अवतार दिला त्यात वाय-फाय आणि ब्लूटूथची प्रमाणित सोय नव्हती. ती सप्टेंबर २००४ च्या ६.१ मध्ये आली. तोवर पामवनने ट्रिओ ६५० जुन्याच पाम ओएस ५ वर, म्हणजे ‘गार्नेट’वर, बेतला होता. फ्लॅश मेमरीत नोंदी टिकवण्याची, सेल उतरले तरी काही न पुसले जाण्याची सोय त्यात प्रणालीच्या जुन्या पायावरच बसवण्यात आली. पुढचे ७००पी, ६८०, ७५५पी आणि सेंट्रो हे सगळे गार्नेटवरच निघाले. सर्वांत मोठा ग्राहकच नवी प्रणाली घेत नाही म्हटल्यावर इतरांनी ती घेण्याचे कारण उरले नाही, आणि पामसोर्स लिनक्स या मुक्त प्रणालीकडे वळली.

यापुढचा व्यवहार वाचताना हसावे की हळहळावे कळत नाही. वाटणीत ‘पाम’ हे नावही दोघांत सामाईक राहिले होते, ते पूर्णपणे आपले करण्यासाठी यंत्रे करणाऱ्या कंपनीने २००५ मध्ये ३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. डिसेंबर २००६ मध्ये तिने ॲक्सेसला ४.४ कोटी डॉलर देऊन गार्नेटच्या मूळ कोडचा कायमचा परवाना घेतला, म्हणजे आपल्याच जुन्या घरात दुरुस्ती करण्याची परवानगी विकत घेतली. प्रणाली ॲक्सेसकडे होती, तिचा सर्वांत मोठा वापर पामकडे होता, आणि दोघेही आपापली वेगळी लिनक्स प्रणाली लिहीत होते. हे सगळे आयफोन दुकानात येण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास चालले होते.

‘बदला’ हा सल्ला इथे अडखळतो तो याच कारणाने. १९९५ मध्ये यू. एस. रोबोटिक्सची मालकी, १९९७ मध्ये थ्रीकॉमची, २००० मध्ये शेअर बाजार, २००३ मध्ये वाटणी, २००५ मध्ये प्रणालीचा नवा मालक: दहा वर्षांत इतके बदल सोसलेल्या उद्योगाला बदलाची ॲलर्जी होती असे म्हणणे धाडसाचे आहे. २ मार्च २००० रोजी, समभाग विक्रीला आले त्या पहिल्याच दिवशी, पामचे बाजारमूल्य ५० अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि बहुतांश समभाग जिच्याकडे होते त्या थ्रीकॉमपेक्षाही जास्त ठरले. पुढच्याच वर्षी एम५०५ या नव्या यंत्राची घोषणा माल तयार होण्याआधी केल्यामुळे जुन्या यंत्रांची विक्री थंडावली आणि न खपलेल्या मालाचे ढीग तोट्यात लिहावे लागले. कोबाल्टच्या उभारणीला जेव्हा पैसा आणि सलग मालकी दोन्ही हवे होते, तेव्हा दोन्हीही नव्हते.

आयफोनचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये कॉलिगन यांनी संगणक बनवणाऱ्यांना चांगला फोन करणे सहजासहजी जमणार नाही अशा अर्थाचे उद्गार काढले होते आणि ते चुकीचे ठरले. पाम ओएससाठी हजारो प्रोग्राम होते, पण ते शोधून संगणकावर उतरवून हॉटसिंक या संगणकाशी जुळवणी करणाऱ्या सोयीने यंत्रात घालावे लागत. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाल्यावर ही पद्धत एकदम जुनाट वाटू लागली. सावरण्याची जी काही शक्यता उरली होती, ती त्यानंतर उरली नाही. मात्र तेव्हा स्पर्धेत उतरलेली पाम ओएस ही २००२ च्या आवृत्तीची डागडुजी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उरले एचपीचे विधान. फेब्रुवारी २००९ मध्ये कॉलिगन यांनी पाम ओएसवर आता नवी यंत्रे निघणार नाहीत असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाम प्री हा फोन वेबओएस या संपूर्ण निराळ्या, लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीवर आला. जुने पाम ओएसचे प्रोग्राम त्यावर चालवायला वेगळे नक्कल करणारे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. एप्रिल २०१० मध्ये एचपीने १.२ अब्ज डॉलरना जी पाम घेतली, ती या वेबओएससाठी, आणि ऑगस्ट २०११ मध्ये जी यंत्रे बंद केली तीही वेबओएसचीच. ती प्रणाली २०१३ मध्ये एलजीने घेतली आणि आज राजारामपुरीतील कोणत्याही मोठ्या शोरूममध्ये एलजीचा स्मार्ट टीव्ही सुरू केला तर पडद्यावर दिसते. पाम ओएस तोवर ॲक्सेसच्याच मालकीची होती. एचपीने ती विकत घेतली नव्हती, त्यामुळे बंद करण्याचा प्रश्नही तिच्यापुढे कधी आला नाही.