'मध्यम पल्ला रक्तात असावा लागतो' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी मला एक मेसेज पाठवला आणि खाली स्वतःची एकच ओळ लिहिली, "म्हणून म्हणतो, आता बास." 'बास' म्हणजे माझ्या भाचीचं ८०० मीटर धावणं. ती दहावीत आहे. पहाटे शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर ती धावते आणि मी कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. हाच मेसेज त्याआधी तीन ग्रुपवर दिसला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता तो घरात शिरलाय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेकडे पैसा, विज्ञान, मैदानं सगळं असूनही ८०० आणि १५०० मीटरमध्ये, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत, तो देश शून्य आहे, असं त्यात म्हटलंय. १९०८ नंतर १५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण नाही. एकदा जिंकले तेही इतकं संथ, की अधू दृष्टीचे पॅरालिंपिक धावपटू त्याहून वेगात धावले. बाकी जे जिंकले ते विकत आणलेले आफ्रिकन. मध्यम पल्ला रक्तात असावा लागतो, तेव्हा पालकांनो, मुलांची वर्षं यात वाया घालवू नका.

मुळात '१९०८ नंतर सुवर्ण नाही' आणि 'एकदा जिंकले तेही संथ' ही दोन वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूरही पुन्हा वाचलेला नाही. १९०८ला लंडनमध्ये मेल शेपर्ड जिंकला आणि त्यानंतर १०८ वर्षं अमेरिकेला हे सुवर्ण मिळालं नाही, हे खरं आहे. पण ती १०८ वर्षं २०१६ला रिओमध्ये संपली. मॅथ्यू सेंट्रोविट्झ जिंकला आणि आठ वर्षांनी पॅरिसमध्ये कोल हॉकर जिंकला.

आता त्या 'संथ' शर्यतीबद्दल. आकडे खरे आहेत. सेंट्रोविट्झची वेळ ३ मिनिटे ५०.०० सेकंद होती. त्याच रिओतल्या पॅरालिंपिकमध्ये टी-१३ या अधू दृष्टीच्या धावपटूंच्या गटात अल्जीरियाच्या अब्देलतीफ बाकाने ३ मिनिटे ४८.२९ सेकंद नोंदवले आणि त्या शर्यतीतले पहिले चौघेही सेंट्रोविट्झपेक्षा वेगात आले. बाका आणि त्याचे सोबती जबरदस्त धावले, त्यांचं कौतुक त्यांना मिळायलाच हवं. पण त्यावरून सेंट्रोविट्झ कच्चा ठरत नाही. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत वेग लावून द्यायला पेसर नसतो. पदक क्रमांकाला मिळतं, घड्याळाला नाही. त्या दिवशी पुढे जाऊन वारा कापायची कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून पहिले ८०० मीटर सव्वादोन मिनिटांहून जास्त वेळात गेले. सेंट्रोविट्झ आतल्या लेनमध्ये पुढे राहिला, कोणाला जागा दिली नाही आणि शेवटची फेरी सुमारे ५० सेकंदांत धावला. त्याच्या मागे २०१२च्या लंडन ऑलिंपिकचा विजेता तौफिक मखलूफी होता, केनियाचा आस्बेल किप्रोप होता. त्यांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. ज्याने जिल्हा पातळीवर एकदा तरी १५०० मीटरची शर्यत पाहिली असेल, त्याला संथ सुरुवात आणि शेवटी फुटलेली किक, म्हणजे अखेरचा जोरदार वेग, काय असतो ते कळतं.

पण माझा खरा राग 'विकत आणलेले आफ्रिकन' आणि 'रक्त' यावर आहे, कारण दाजींनी भाचीला दाखवलं ते हेच.

बर्नार्ड लगात केनियात जन्मला. त्याने २००० आणि २००४च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरची पदकं केनियासाठी जिंकली आणि २००७ला ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत १५०० आणि ५००० ही दोन्ही सुवर्णं अमेरिकेसाठी. एवढं नाव मी मेसेजवाल्याला देतो. तरी 'विकत' हा शब्द चुकीचाच आहे. लगात विद्यार्थी म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात आला, तिथेच राहिला आणि २००४ला नागरिक झाला. आपल्या ओळखीतली किती मुलं याच वाटेने तिकडे गेली आहेत? त्यांना आपण विकलेली मुलं म्हणतो का?

बाकीची नावं बघा. हॉकर इंडियानापोलिसचा. सेंट्रोविट्झचे वडील स्वतः अमेरिकेकडून १९७६च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले. यारेद नुगुसेचे आईवडील इथिओपियातून आले, पण तो केंटकीतच जन्मला. २०२१ला टोकियोत ८०० मीटर जिंकणारी अथिंग मू हिचे आईवडील सुदानमधून आले आणि ती न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये जन्मली. २०१२ला लंडनमध्ये १५०० मीटरचं रौप्य मिळवणारा लिओ मंझानो मेक्सिकोत जन्मला, चार वर्षांचा असताना अमेरिकेत आला. ही त्या देशात वाढलेली, तिथल्या शाळांसाठी धावलेली मुलं आहेत.

आणि रक्त? पुरुषांच्या १५०० मीटरचे गेल्या पाच जागतिक पातळीवरच्या स्पर्धांचे विजेते देतो. ऑलिंपिक २०२१, नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन. जागतिक स्पर्धा २०२२, ब्रिटनचा जेक वाइटमन. २०२३, ब्रिटनचा जॉश केर. ऑलिंपिक २०२४, हॉकर. जागतिक स्पर्धा २०२५, पोर्तुगालचा इसाक नादेर. यात एकही केनियाचा नाही, इथिओपियाचा नाही. वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या संकेतस्थळावर निकाल उघडे आहेत, दोन मिनिटांत तपासता येतात. माझं दुसरं काही पटलं नाही तरी चालेल, ही पाच नावं तेवढी तपासा.

पॅरिसची शर्यत भाचीने आणि मी मध्यरात्र उलटून गेल्यावर बघितली होती. इंगेब्रिग्टसेनने सुरुवातीपासूनच वेग इतका वाढवला की कोणाला किक मारायला दम उरू नये. शेवटच्या वळणावर हॉकर आतून घुसायला गेला आणि बॉक्स झाला, म्हणजे इतरांमध्ये अडकला, वेग तुटला. सरळ पट्टीवर तो पुन्हा आतूनच आला. ३ मिनिटे २७.६५ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. त्याआधीची त्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ याहून जवळपास ३ सेकंदांनी जास्त होती. केर दुसरा, नुगुसे तिसरा, दोघांमध्ये एका शतांश सेकंदाचं अंतर. त्या रात्री भाचीने मला विचारलं होतं, "मामा, एकदा बॉक्स झाल्यावर परत वेग कसा काढायचा?" तीच मुलगी आता विचारते, "आपल्यात ते नसतंच का?"

केनियाचं वर्चस्व कोणी नाकारत नाही. पुरुषांच्या ८०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण २००८पासून सलग पाच वेळा केनियाने नेलं. फेथ किप्येगोनने १५०० मीटरची सलग तीन सुवर्णं घेतली. पण याला अमुक एक जनुक कारणीभूत आहे, असं आजवर कोणी दाखवलेलं नाही. हे धावपटूही 'आफ्रिका' नावाच्या एका गावातून येत नाहीत. बरेचसे केनियातल्या रिफ्ट व्हॅलीच्या उंच पठारावरून येतात. तिथे इतेनसारख्या गावात सुमारे २,४०० मीटर उंचीवर शेकडो जण रोज एकत्र धावतात आणि धावणं हा घर चालवण्याचा मार्ग आहे. उंचीचा फायदा होतो, मान्य. म्हणूनच अमेरिकन धावपटू फ्लॅगस्टाफ, बोल्डर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा उंचावरच्या शहरांत जाऊन राहतात.

आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केलेला एक धावपटू दाजींना चांगला माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, तो केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे राहिला तो ०.०५ सेकंदाने. स्टीपलचेस मध्यम पल्ल्याच्या थोडी पलीकडची, पण 'रक्ता'चा दावा तिथेही हाच केला जातो. साबळेचं रक्त कुठलं म्हणायचं?

'शून्य' या शब्दाचं उत्तर थोडक्यात. एकट्या रिओमध्ये अमेरिकेला ८०० आणि १५००ची तीन पदकं मिळाली: सेंट्रोविट्झचं सुवर्ण, क्लेटन मर्फी आणि जेनी सिम्पसन यांची कांस्यं. २०१९ला दोहात डोनावन ब्रेझियर ८०० मीटरचा जगज्जेता झाला. टोकियोत मूच्या मागे रेव्हिन रॉजर्सचं कांस्य.

तरी अमेरिकेची बाजू भक्कमच आहे असंही मी म्हणणार नाही. १९६८ला जिम रायनने रौप्य घेतल्यावर पुरुषांच्या १५००मध्ये ऑलिंपिक पदक यायला ४४ वर्षं लागली. पुरुषांच्या ८०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण १९७२च्या डेव्ह वॉटलनंतर नाही. महिलांच्या १५००मध्ये तर सिम्पसनचं ते एकच ऑलिंपिक पदक. २०२५ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ८०० आणि १५०० मिळून एकही पदक नाही. हॉकर धक्काबुक्कीमुळे उपांत्य फेरीत बाद झाला आणि मग त्याच स्पर्धेत ५,००० मीटर जिंकला. हे चढउतार आहेत. रक्त दर चार वर्षांनी बदलत नाही.

'अमेरिकेने स्वतःची ऑलिंपिक विजेतीसुद्धा पॅरिसला पाठवली नाही' असं मेसेजच्या शेवटी आहे. मू २०२४च्या निवड चाचणीत अंतिम शर्यतीत पडली. तिथे नियम कडक आहे, पहिले तीन जातात, विजेतीलाही सवलत नाही. हा नियम योग्य आहे की क्रूर, यावर वाद घालता येईल. पण असा नियम परवडतो तो मागे रांग असलेल्या देशालाच. त्या रांगेत कोण असतं? ऑगस्ट २०२५मध्ये कूपर लुट्केनहॉस हा टेक्सासचा शाळकरी मुलगा त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर १ मिनिट ४२.२७ सेकंदांत धावून दुसरा आला आणि संघात गेला. वय १६. टोकियोत तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्याच्या घरच्यांना कोणी 'आता बास' म्हणालं असेल असं मला वाटत नाही.

दाजी, तुमची पोरगीही त्याच वयाची आहे. ती लुट्केनहॉस होणार असं मी म्हणत नाही, तसं मी कधीच म्हटलं नाही. जूनपासून तिने आपली वेळ ६ सेकंदांनी कमी केली आहे, ते आकडे माझ्या वहीत तारखेसह आहेत, येऊन बघा. जिल्हा स्पर्धेचा फॉर्म शुक्रवारपर्यंत शाळेत द्यायचा आहे. त्यावर मामाची सही चालत नाही, वडिलांची लागते.