दाजींशी भांडायची घाई करू नका

राजकारणावरून घरच्यांशी भांडायचंच असेल तर माझं ऐका, निकाल लागल्यावर निदान पाच वर्षं थांबा. मी पाच दिवस थांबलो होतो. कमी पडले.

१८ ऑक्टोबर २०१९. साताऱ्याचं जिल्हा परिषद मैदान, वर स्टेजवर शरद पवार भर पावसात भाषण करतायत आणि खाली चिखलात आम्ही, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, शर्ट अंगाला चिकटलेला आणि छाती अशी फुगलेली की सभा जणू मीच घेतोय. तीन दिवसांनी मतदान. विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूक पण होती, कारण उदयनराजे त्याच वर्षी आमच्या राष्ट्रवादीतून निवडून येऊन काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपात गेले होते. ते पडले. आपल्याकडे पक्ष बदलला तर लोक पाडतात असा एक गैरसमज त्या दिवशी माझ्या मनात बसला, तो निघायला फार वर्षं लागली. सर्दी मात्र आठवड्यात बरी झाली.

२४ तारखेला निकाल आणि २९ ला भाऊबीज. आक्काकडे गेलो. दाजी जुने शिवसैनिक, पाट मांडायच्या आधीच म्हणाले, 'आता मुख्यमंत्री आमचा'. मी म्हणलं, 'कशाचा आलाय तुमचा, पाच वर्षं भाजपसोबत सत्तेत बसून खिशात राजीनामे घेऊन फिरलात, एक तरी बाहेर निघाला का?' मग ते माझ्या सर्दीवर बोलले. मग मी त्यांच्या दोन साहेबांवर बोललो. आक्का ओवाळायचं ताट घेऊन मधे उभी, निरांजन विझलं तरी आमचं चालूच, शेवटी मी अर्धी चकली ताटात टाकून उठलो आणि 'परत या घरात पाय ठेवणार नाही' असं काहीतरी सिनेमातलं बोलून बाहेर आलो. चप्पल घालायला परत आत जावं लागलं ते वेगळं.

आता गंमत बघा. बरोबर ३० दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, शिवाजी पार्कवर दाजींचा पक्ष आणि माझा पक्ष एकाच स्टेजवर. सोबत काँग्रेस. म्हणजे कागदोपत्री मी आणि दाजी मित्रपक्ष झालो होतो, फक्त आमच्यात फोन बंद होता.

त्याआधी २३ तारखेची सकाळ तर विसरताच येत नाही. पेपर उघडला तर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी मोठी बातमी, टीव्ही लावला तर फडणवीस शपथ घेऊन मोकळे. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती. आमच्याकडे त्या वेळेला दूधवाला पण येत नाही. ते सरकार ८० तास चाललं. तर तुम्हाला पहिला सल्ला हाच, सकाळी पेपर वाचून मत बनवू नका, आधी टीव्ही लावून क्रॉसचेक करा, आणि टीव्हीवर बघून पण बनवू नका, दुपारपर्यंत थांबा, जेवून झोप काढा, उठल्यावर जो मुख्यमंत्री असेल त्याच्याबद्दल मत बनवा.

दुसरं म्हणजे 'कधीच', 'कदापि', 'शेवटच्या श्वासापर्यंत' हे शब्द नेत्यांचे आहेत, आपण वापरायचे नाहीत. त्यांना ते परवडतात. त्या एकाच विधानसभेत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ एकाच माणसाने, अजित पवारांनी, तीनदा घेतली, तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली, आणि तिन्ही वेळा आवाज तितकाच खणखणीत. तुम्हाला जमेल? मला आक्काच्या घरात परत पाय ठेवायला जवळपास पावणेचार वर्षं लागली.

कारण मधे, २०२२ ला, एकनाथ शिंदेंच्या मागे दाजींचा पक्ष सुरतेला गेला. तिथून गुवाहाटीला. सांगोल्याच्या आमदारांनी फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणलं आणि अख्खा महाराष्ट्र हसला, मी पण हसलो, रिंगटोन पण ठेवली. दुष्काळी तालुक्याचा माणूस आसामची झाडी बघून भारावणार, हे बाकी मला अगदी मनापासून पटलं होतं. दाजींनी तेव्हा आठवडाभर टीव्ही बंद ठेवला होता असं आक्काने सांगितलं. नंतर त्यांना आठवलं की शिंदे मूळचे दऱ्याचे, म्हणजे आपल्याच महाबळेश्वर तालुक्यातले, मग त्यांनी टीव्ही चालू केला.

२ जुलै २०२३, रविवार. अजित पवार आमदार घेऊन सरकारात गेले. दुपारी फोन वाजला, दाजी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मयताच्या घरी बोलतात तसा आवाज काढून म्हणाले, 'काय पाव्हणं, तुमचंबी फुटलं म्हणं?' मी म्हणलं, 'हो ना.' म्हणाले, 'या मग जेवायला.'

म्हणजे त्या दिवशी त्यांच्या पक्षाचा अर्धा आणि माझ्या पक्षाचा अर्धा भाग सत्तेत, भाजपसोबत, आणि उरलेले दोन अर्धे विरोधात, तेही एकत्र. ज्या भाजपवरून २०१९ ला चकली टाकून उठलो तो दोघांच्याही मांडीला मांडी लावून बसलेला. मग मी भांडलो कोणासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही अजून नवखे मतदार आहात, तो विचारायचा नसतो. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, पण जानेवारी २०२४ मध्ये शिवसेनेचा निकाल लागला तेव्हा विधानसभा अध्यक्षांनी दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. या सगळ्या प्रकरणात पक्ष न सोडता अपात्र ठरलेला मी एकटाच, तेही आक्काच्या घरातून.

चिन्हाचं पण सांगून ठेवतो, घरात म्हातारी माणसं असतील तर मतदानाच्या आदल्या रात्री शिकवणी घ्या. आमच्या आईने ७१ ला गायवासराला पहिलं मत दिलं, मग हात, मग घड्याळ. २०२४ च्या लोकसभेला तिला सांगितलं, आता घड्याळ आपलं नाही, तुतारी वाजवणारा माणूस दाबायचा. ती म्हणाली, 'घड्याळ कुणी नेलं?' आता काय सांगणार. मशीनवर एका अपक्षाची पिपाणी पण होती आणि मराठीत तिचंही नाव तुतारीच. साताऱ्यात त्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि तुतारीवाले शशिकांत शिंदे ३२ हजारांच्या फरकाने पडले. निवडून कोण आलं? उदयनराजे, भाजपकडून. ज्यांना पाडायला मी पावसात भिजलो होतो तेच. आई कोणतं बटण दाबून आली ते सांगत नाही, 'गुप्त असतं' म्हणते, पण येताना खूश दिसत होती म्हणून मला शंका आहे.

कोणीच नको वाटत असेल तर नोटा आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये तो दुसऱ्या नंबरवर आला होता, २७,५०० मतं. निवडून येत नाही हे खरं, पण गुवाहाटीला पण जात नाही.

आणि मी नक्की कुठल्या राष्ट्रवादीत असं विचारू नका, वाढदिवसाला दोन्हीकडून मेसेज येतात, दोन्हींना हात जोडलेला इमोजी पाठवतो. कोणालाही दुखवायचं नाही, कोण कधी कोणाबरोबर बसेल आणि माझा इमोजी कुठे निघेल सांगता येत नाही.

टीव्हीवरच्या चर्चा मात्र सोडू नका, फक्त बघायची पद्धत बदला. आवाज पूर्ण बंद करा. नऊ खिडक्यांत नऊ माणसं ओरडतायत, खालची नावाची पट्टी हाताने झाका आणि नुसता चेहरा बघून ओळखा की हा प्रवक्ता सध्या कुठल्या पक्षात आहे. 'सध्या' महत्त्वाचं, मागच्या वर्षीचं उत्तर धरत नाही. भाऊबीजेला ओवाळून झालं की मी आणि दाजी हाच खेळ खेळतो, चुकेल त्याने उठून चहा टाकायचा. गेल्या वेळी मी तीनदा टाकला. दाजी एकदाही चुकले नाहीत, म्हणाले, 'सोप्पंय, जो जास्त चिडलाय तो नवीन आलेला.'